डॉक्टरांची शाळा, पनीर टिक्का आणि पावडरीने धुतलेली टेस्टट्यूब

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. डॉक्टर मित्रांनी दोन घोट जास्त घ्या, राग गिळायला उपयोगी पडतील.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या हायवेवरच्या एसी हॉलमध्ये डॉक्टरांचं व्याख्यान झालं. या प्रकाराला ते लोक सीएमई म्हणतात. शुद्ध मराठीत निरंतर वैद्यकीय शिक्षण. संघटनेच्या सेक्रेटरींचा मला फोन आला, "दादा, फोटोसह बातमी आली पाहिजे, आणि जेवायला थांबायचंच." वीस वर्षं बातमीदारीत काढल्यावर माणसाला यातलं दुसरं वाक्य आधी ऐकू येतं. गेलो.

पत्रिकेवर वेळ साडेसातची. सुरू झालं पावणेनऊला. आधी दीपप्रज्वलन. समईची वात ओली, वर एसीचा झोत, आणि काडेपेटी कुणाकडेच नाही. चाळीस डॉक्टरांच्या सभेत काडेपेटी नसणं ही समाजाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट, पण समई पेटेना. सगळे एकमेकांकडे बघतायत, कारण आपण ओढत नाही असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून ठेवलेलं. अखेर लायटर निघाला तो छातीच्या डॉक्टरांच्या खिशातून. मी फोटो काढला. छापला नाही.

मग शाल, श्रीफळ, रोपटं. मग व्याख्यात्यांचा परिचय. हा परिचय वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता सहा मिनिटं वाचत होत्या आणि व्याख्याते नम्रपणे छताकडे बघत होते. मग 'चेअरपर्सन' म्हणून दोन ज्येष्ठ डॉक्टर स्टेजवर बसवले गेले. त्यांचं काम काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनाही कळलेलं दिसलं नाही. नंतर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की ज्यांना बोलायला द्यायचं नाही पण रुसवायचंही नाही, त्यांची तिथे सोय करतात. आमच्या साहित्य संमेलनांत याच कामासाठी स्वागत समिती असते.

तोवर पेनड्राइव्ह लॅपटॉपला ओळख देईना. "ऐकू येतंय का मागे?" झालं. मागून "नाही" असं उत्तर आलं, म्हणजे येत होतं.

विषय मधुमेहाचा. दोन औषधं एकत्र करून काढलेली नवी गोळी. व्याख्याते मोठ्या शहरातून आलेले, माणूस हुशार, बोलणं गोड. पहिलीच स्लाइड होती: माझे कुठल्याही कंपनीशी हितसंबंध नाहीत. ती पडद्यावर आली आणि पापणी लवायच्या आत गेली. हॉलच्या दारात त्याच कंपनीचा दहा फुटी फ्लेक्स होता, तो मात्र शेवटपर्यंत हलला नाही. पुढे एक स्लाइड अशी की त्यात मुंगीएवढ्या अक्षरांचे चौदा रकाने. सर म्हणाले, "हे तुम्हाला दिसणार नाही, पण बघा." सगळ्यांनी बघितलं. नववीत आमचे भूमितीचे मास्तर असंच म्हणायचे. तेव्हा मला वाटायचं दोष माझ्यात आहे.

आणि मग माना पडू लागल्या. डॉक्टर लोकांनी लाजायचं कारण नाही, याच्यावर संशोधन झालेलं आहे. कॅनडातल्या काही डॉक्टरांनी एका परिषदेत दोन दिवस गुपचूप बसून, व्याख्यानांत किती जणांच्या माना पुढे पडतात ते मोजलं आणि २००४ च्या डिसेंबरात तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात रीतसर छापलं. गंमत म्हणूनच केलेलं काम, पण आकडेमोड खरी. खोलीतला मंद उजेड, वाईट स्लाइड, माइकपासून लांब बोलणं, जेवणानंतरची वेळ, सगळं तपासलं. सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला वक्त्याचा एकसुरी आवाज. वक्त्याने ट्वीडचा कोट घातला तरी झोप वाढते असंही निघालं. आमच्याकडे उन्हाळ्यात ट्वीड कोण घालतो, ही एक जमेची बाजू.

पण झोप लागणं एक वेळ परवडलं. जागं राहून फसणं त्याहून वाईट. १९७० साली कॅलिफोर्नियात काही मंडळींनी एका नटाला उभं केलं. त्याचं नाव ठेवलं डॉ. मायरन फॉक्स, मोठा बायोडेटा तयार केला आणि मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशा शिकल्यासवरल्या लोकांपुढे त्याचं व्याख्यान ठेवलं. विषय: डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. नटाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्याला मुद्दाम परस्परविरोधी वाक्यं, बनवलेले शब्द आणि भरपूर विनोद पेरायला शिकवलं होतं. श्रोत्यांनी त्याला छान गुण दिले. कुणालाच शंका आली नाही. पुढे त्याची टेप आणखी काही लोकांना दाखवली, तर एकाने आपण या डॉक्टरांचं लिखाण पूर्वी वाचल्याचंही सांगितलं. १९७३ साली हे सगळं वैद्यकीय शिक्षणाच्या नियतकालिकात छापून आलं. मला या गोष्टीत डॉक्टरांची चेष्टा वाटत नाही. आमच्या गावात राजकीय सभांना मी वीस वर्षं जातोय, तिथे डॉ. फॉक्स दर पाच वर्षांनी निवडून येतात.

असो. व्याख्यान संपलं. "माझ्यात आणि तुमच्या जेवणात आता मीच उभा आहे," हा विनोद झाला. हा विनोद सक्तीचा असावा. मग प्रश्नोत्तरं. पहिले डॉक्टर उठून म्हणाले, "प्रश्न असा नाही, एक छोटीशी कॉमेंट आहे." ती कॉमेंट नऊ मिनिटं चालली. त्यात त्यांचं कॉलेज, त्यांचे सर, १९९८ सालचा एक पेशंट आणि मुलाचं अमेरिकेतलं शिक्षण एवढं सगळं होतं. मधुमेहही होता, शेवटी शेवटी.

जेवण उत्तम. पनीर टिक्का, दोन भाज्या, बिर्याणी, गाजर हलवा, वर आइस्क्रीम. मधुमेहाच्या व्याख्यानाला गाजर हलवा ठेवणाऱ्या माणसाला मी शोधत होतो, हात मिळवायचा होता. सापडला नाही.

आता थोडं गुणांविषयी, कारण इथे नेमकी मेख आहे. डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर दर पाच वर्षांत तीस क्रेडिट गुण मिळवावे लागतात. महाराष्ट्रात हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल बघते. कौन्सिलची मान्यता असलेल्या व्याख्यानांचेच गुण धरतात आणि तिथे कौन्सिलचा निरीक्षक येऊन बसतो. कल्पना चांगली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसाने अधूनमधून शाळेत जावं, यात वाईट काय? आम्हा पत्रकारांना तर तसलीही अट नाही. मी २००३ साली डिप्लोमा केला, त्यात शिकवलेलं एकही मशीन आज कुठल्या कचेरीत सापडणार नाही, तरी माझ्या लेखणीचं नूतनीकरण कुणी मागत नाही.

पण गुण म्हटले की हजेरी आली, आणि हजेरी म्हटली की शाळेतल्या सगळ्या युक्त्या आल्या. त्या रात्री सही करून दोन जण निघून गेले. एकाने शेजारच्याची सही केली, तीही मला दिसली. एक जण थेट आइस्क्रीमला उगवले. तरी मी म्हणेन, आमच्याकडची मंडळी बरी. बहुतेक शेवटपर्यंत बसतात. दिवसभर साठ-सत्तर पेशंट बघून रात्री नऊला मान सरळ ठेवणं सोपं नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. हॉलचं, जेवणाचं, व्याख्यात्यांच्या गाडीचं बिल कुणी दिलं? कंपनीने. कंपनी कशाचं व्याख्यान ठेवणार? तिची गोळी असेल त्याचं. यात गुपित काही नाही आणि कुणी एकटा माणूस खलनायकही नाही. टार्गेट पुरं करायला रात्री अकरापर्यंत उभा असलेला एमआर तर नाहीच नाही, त्याला शेवटी थंड बिर्याणी मिळते.

नियम नाहीत असंही नाही. २००९ च्या डिसेंबरात तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी आणली. २०२२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने कंपन्यांना बजावलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च आयकरातून वजा करता येणार नाही. २०२३ च्या २ ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणखी कडक नियमावली काढली आणि २३ ऑगस्टला थांबवून ठेवली. तीन आठवडे. आमच्याकडे सार्वजनिक गणपतीचा मांडवसुद्धा त्याहून जास्त दिवस उभा असतो. मग २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली. तिच्यात परदेशातल्या परिषदांवर बंदी आहे, खर्च जाहीर करायची अट आहे, आणि वक्ता सोडून इतर डॉक्टरांना हॉटेलचा मुक्काम, महागडं खाणं देऊ नये असंही आहे. पनीर टिक्का महागड्यात येतो का? आमच्या गावात येतो. पुण्या-मुंबईत कदाचित नाश्त्यात मोडत असेल.

आता कुणी म्हणेल, पत्रकारांनी बोलू नये. कबूल. त्या रात्री निघताना माझ्या हातातही पिशवी होती. पेन, डायरी, स्टीलची बाटली. पत्रकार परिषदांतून घरी आलेल्या अशा बाटल्यांचं एक पूर्ण शेल्फ आमच्याकडे आहे आणि बायको पाहुण्यांना हसत हसत दाखवते. म्हणूनच मला ही गोष्ट आतून कळते. पिशवी घेतली की माणूस लगेच खोटं लिहितो असं नाही. फक्त काही प्रश्न त्याला त्या दिवशी सुचत नाहीत.

आणि न सुचलेल्या प्रश्नाची किंमत काय असते, ते सांगायला ही पोस्ट लिहिली. हसणं इथे जरा बाजूला ठेवतो.

गेल्या वर्षी भाद्रपदात, आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या वस्तीवर एक नऊ वर्षांचा मुलगा गेला. घरात खाली अंथरूण टाकून भावंडांत झोपला होता. पहाटे तीनला पोटात दुखतं म्हणून उठला, उलटी झाली. आईने ओवा दिला. सकाळी गावात एका खाजगी दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी तपासलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. दहाच्या सुमारास पोराच्या पापण्या उघडेनात. वडिलांना वाटलं, रात्रभर झोप नाही म्हणून. मग बोलणं जड झालं, मग गिळता येईना. जिल्ह्याला नेताना वाटेत श्वास थांबला. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या, एवढं जुळलं की आधी मण्यार धरून चालायचं.

बातमी मीच दिली होती. चार ओळी. 'सर्पदंशाने बालकाचा मृत्यू.' कुणाला काय कळायला हवं होतं, ते त्यात नव्हतं. ते मलाही माहीत नव्हतं.

त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचं नाव मी तेव्हा लिहिलं नाही, आजही लिहिणार नाही. माणूस प्रामाणिक आहे. रात्री-बेरात्री दार उघडतो, गरिबाकडून पैसे घेत नाही. त्यांचे पाच वर्षांचे तीस गुण पूर्ण आहेत. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळ्या नव्या गोळ्यांवरची व्याख्यानं त्यांनी मन लावून ऐकलेली आहेत. पाच वर्षांत मण्यारीवर एकही नव्हतं. कोण ठेवणार? सापाच्या लशीचा एमआर दारोदार फिरत नाही. आणि मण्यारीच्या पेशंटला जिल्ह्यापर्यंत पोचवायला लशीइतकीच गरज असते ती अंबू बॅग दाबत बसणाऱ्या दोन हातांची. हातांना कुठली कंपनी स्पॉन्सर करणार?

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापाने सुमारे बारा लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा दिल्लीहून निघाला आहे. आमच्या वस्तीचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो, तेवढं फक्त त्याला कुणी कळवा.

आता दुसरं व्याख्यान. हे कुठल्या हॉटेलात नव्हतं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात, लसीकरणाच्या खोलीत, शुक्रवारी दुपारी तीनला. नव्या वैद्यकीय अधीक्षक मॅडम आल्यापासून महिन्यातून एकदा त्या हा वर्ग घेतात. मला कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्याच कामाला गेलो होतो, दारातून डोकावलो आणि मागच्या बाकावर बसलो. प्रोजेक्टर बंद पडलेला, म्हणून फळा. खुर्च्या कमी, म्हणून दोन सिस्टर वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर. आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, त्यातले बरेचसे बीएएमएस, १०८ गाडीवरचे दोघे, लॅबवाला, वॉर्डबॉयसुद्धा. गुण शून्य. बीएएमएस मंडळींची नोंदणी मुळातच वेगळ्या कौन्सिलकडे, त्यांना या गुणांचा उपयोग नाही. आणि तालुक्यात रात्री दोन वाजता साप चावलेला माणूस पहिल्यांदा बघतात ते हेच लोक.

मॅडम रक्त गोठण्याची तपासणी शिकवत होत्या. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठेनासं होतं. ते बघायला मोठं यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ टेस्टट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. पातळच असलं तर गडबड आहे. झालं. मॅडम म्हणाल्या, "नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको." कारणही सांगितलं: काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते, साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही.

मागून एक वयस्कर सिस्टर उठल्या. "मॅडम, आपल्याकडं नळ्या कपड्याच्या पावडरीनं धुतात. मीच सांगितलंय मावशींना. स्वच्छ हव्यात म्हणून."

खोली गप्प. लॅबवाल्याने डोक्याला हात लावला. आणि मग एकदम सगळे हसायला लागले, सिस्टरही हसल्या. मॅडम फळ्याला टेकून म्हणाल्या, "म्हणून आपल्याकडे साध्या दिवडालाही लस जात होती!" (दिवड म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप, शेतकऱ्यांना सांगायला नको.) गेल्या हंगामात लस कमी पडली म्हणून मी पहिल्या पानावर तीन कॉलम बातमी दिली होती. प्रशासनाला धारेवर धरलं होतं. थोडी लस पावडरीत विरघळत होती, हे मलाही आत्ता कळत होतं.

त्या एसी हॉलमध्ये कुणी उठून असं बोलू शकलं असतं? तिथे चूक सांगायची पद्धतच नाही. तिथे फक्त कॉमेंट असते.

वर्ग संपत आला तेव्हा शेवटच्या बाकावरून ते खाजगी डॉक्टर उठले. भाद्रपदातल्या मुलाचे. ते तिथे आहेत हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. स्वतःहून आलेले. म्हणाले, "मी एक केस सांगतो." आणि सांगितली. तीनला उठला इथपासून. पापण्यांचं मला विचारायला सुचलं नाही, घरात कुठे झोपतो तेही नाही, असं साध्या आवाजात म्हणाले. कुणी मान खाली घातली नाही, कुणाला झोप आली नाही. १०८ वरच्या पोराने वहीत काहीतरी लिहून खाली दोनदा रेघ मारली. मॅडमनी एवढंच विचारलं, "गावातले बाकीचे डॉक्टर पुढच्या वेळी आणाल का?"

आता माझं म्हणणं, आणि ते कुणाला पटो न पटो. कौन्सिलने या शुक्रवारच्या खोलीला गुण द्यावेत. अटी घाला, निरीक्षक पाठवा, पण द्या. आपली हुकलेली केस चारचौघांत सांगणाऱ्याला दुप्पट द्या. पाच वर्षांतल्या तीसपैकी निदान सहा-सात गुण आपल्या जिल्ह्यात माणसं कशाने मरतात त्यावरच्या व्याख्यानांतून आलेच पाहिजेत अशी अट करा. साप, विंचू, विष प्यायलेला शेतकरी, बाळंतपणातला रक्तस्राव. आणि याचा खर्च सरकारने करावा. फार नाही येत. त्या शुक्रवारचा हिशेब मी बघितला: खडू वीस रुपये, चहा-भजी तीनशे वीस. मॅडमनी खिशातून दिले.

गावाकडच्या डॉक्टराला कसलं संशोधन, असं कुणी म्हणत असेल तर त्याने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघावं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना हा माणूस विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपणं काढत होता. लाल विंचवाने कोकणात माणसं पटापट मरायची. त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मरणारे कमी केले आणि 'लॅन्सेट'ला ते छापावं लागलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. आता सांगा, स्वस्त जुन्या गोळीवर हायवेच्या हॉलमध्ये गाजर हलवा कोण वाढणार?

एसी हॉलवाल्या सेक्रेटरींना ही पोस्ट टाकायच्या आधी वाचून दाखवली. आधी चिडले. मग म्हणाले, "लायटरचं काढ." मी म्हटलं, नाव नाहीये. ते म्हणाले, "गावात छातीचा डॉक्टर एकच आहे रे." मुद्दा बरोबर होता, पण पोस्ट लिहून झाली होती. शेवटी म्हणाले, मॅडमना हॉल हवा असेल तर संघटना देईल, एसीसह. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, फळा तिथे नाही. त्यापेक्षा दोन डझन काचेच्या नळ्या द्या."

नळ्या परवा आल्या. मावशींना कुणीतरी नीट सांगितलंय ना, हे बघायला मी जाऊन आलो. खोक्यावर सिस्टरांनी स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: धुवू नये.

पुढच्या शुक्रवारी विषय विंचू आहे. तीन वाजता. भजी या वेळी माझ्याकडून.